एकच सळी, एकच ताण, एकच तापमान. तरी क्रीप चाचणीचे आकडे जुळत नसतील तर काय तपासायचं

क्रीप म्हणजे तापलेला धातू सतत भाराखाली हळूहळू लांबत जाणं, आणि क्रीप चाचणीत नमुना तसा लांबून किती तासांनी तुटतो ते बघतात. लक्षण असं होतं. एकाच सळीतून कापलेले आणि एकाच लेथवर वळवलेले तीन नमुने. तापमान ७०० अंश सेल्सिअस, भार तिन्हींना सारखा. पहिला नमुना हजार तासांच्या आसपास तुटला, दुसरा साडेपाचशेलाच गेला आणि तिसरा पुन्हा नऊशेच्या पुढे गेला. यंत्राचं कॅलिब्रेशन मुदतीत होतं, तापमानाच्या आलेखावर सरळ रेघ होती आणि नोंदवहीत कसलीच तक्रार नव्हती. अशा वेळी कोणीतरी हमखास म्हणतं, ‘सळीच एकसारखी नसेल.’

सळी एकसारखी नसू शकते, हे खरंच. पण तो निष्कर्ष शेवटी काढायचा. आमच्याकडे ही अडचण कित्येक महिने येत-जात राहिली. काहीतरी घट्ट केलं की दोन चाचण्या नीट व्हायच्या आणि तिसरी पुन्हा भरकटायची. शेवटी जे सापडलं ते यंत्राच्या मांडणीतलं होतं, आणि तसंच्या तसं ते दुसऱ्या अनेक यंत्रांत असू शकतं. म्हणून हे तपशिलात लिहितो आहे. बहुतेक मजकूर गरम चाचण्यांबद्दल आहे, थंडीबद्दल शेवटी थोडं.

आधी एक हिशोब, कारण तो केल्याशिवाय तापमानातल्या चुकीची किंमत कळत नाही. लार्सन आणि मिलर यांनी १९५२ साली एक साधं सूत्र मांडलं. निरपेक्ष तापमान घ्यायचं, त्याला ‘२० अधिक तुटेपर्यंतच्या तासांचा लॉगॅरिदम’ याने गुणायचं. ताण तोच असेल तर हा गुणाकार कायम राहतो. ७०० अंश म्हणजे ९७३ केल्विन. हजार तासांचा लॉग ३, म्हणजे ९७३ गुणिले २३, उत्तर २२,३७९. आता नमुना प्रत्यक्षात ७०५ अंशांवर असेल तर हजाराचे साधारण ७६० तास होतात. ७१० अंशांवर ५८०. ७२५ अंशांवर जेमतेम २६५. विसाचा आकडा सगळ्या मिश्रधातूंना तंतोतंत लागू पडत नाही, पण अंदाज घ्यायला पुरतो.

म्हणजे आमचा साडेपाचशेचा नमुना समजायला धातूत दोष असण्याची गरजच नव्हती. दहा-अकरा अंशांची चूक पुरेशी होती. आणखी एक गोष्ट या हिशोबातून दिसते. आयएसओ २०४ या क्रीपच्या मानकात ६०० ते ८०० अंशांदरम्यान अधिक-उणे ४ अंशांची मुभा आहे. चार अंश खाली राहिलेला नमुना साधारण १,२४५ तास टिकेल आणि चार अंश वर गेलेला ८०५. दोन्ही चाचण्या नियमात बसतात. तेव्हा आठशे ते साडेबाराशे एवढा फरक दिसला तर घाबरू नका, पण त्याच्या बाहेर गेलेल्या आकड्याला कारण असतं, आणि ते शोधलंच पाहिजे.

तुटलेला नमुना फेकू नका, खोलायची घाईही करू नका

चाचणी संपली की हात आधी पाना शोधतो. थांबा. भट्टी थंड होऊ द्या आणि काहीही सैल करण्याआधी फोटो घ्या. नमुना बसवतानाच त्याच्या टोकावर पंचने खूण केलेली असावी: वरचं टोक कोणतं आणि समोरची बाजू कोणती. ही खूण नसेल तर तुटलेले दोन तुकडे निम्मी माहिती गिळून टाकतात.

मग पाहा, नमुना कुठे तुटला. गेज लांबीच्या, म्हणजे दोन खांद्यांमधल्या बारीक, मोजायच्या भागाच्या मध्यात तुटला असेल तर बरं. दर वेळी वरच्या तिसऱ्या भागातच तुटत असेल तर वरचं टोक जास्त गरम आहे, असं जवळजवळ धरून चाला. खांद्याच्या वळणात तुटला असेल तर तिथली त्रिज्या लहान आहे किंवा हत्याराची रेघ राहिली आहे. आट्यांत तुटला असेल तर पकड आणि नमुना यांचं माप जमत नाही. तुकडे सपाट पृष्ठभागावर हलकेच लोळवून पाहा. एका बाजूला वाकलेले दिसले, किंवा मान सगळीकडून सारखी बारीक न होता एकाच बाजूने खचली असेल, तर वाक आहे. भिंगाखाली बाजूचे बारीक तडेही बघा. एकाच अंगाला तडे दाट आणि दुसरं अंग गुळगुळीत, ही वाकाची जुनी ओळख आहे.

ऑक्साइडच्या रंगाकडेही लक्ष द्या. आमच्या साडेपाचशेवाल्या नमुन्याचा वरचा खांदा खालच्यापेक्षा गडद होता. तो रंग मी पहिल्या दिवशी पाहिला होता, पण नोंदवला नव्हता. तिथेच निम्मं उत्तर होतं.

भट्टी थर्मोकपलचं तापमान सांभाळते, नमुन्याचं नाही

या सगळ्या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं हेच, म्हणून इथे जास्त वेळ घेतो. कंट्रोलरला नमुना दिसत नाही. त्याला दिसतात थर्मोकपलकडून, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेल्या तापमापकाकडून, येणारे काही मिलिव्होल्ट. ते मिलिव्होल्ट जिथून येतात तिथे नमुना खरोखर आहे का, आणि वाटेत त्यांचं काय होतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न जोडाचा. थर्मोकपलचा मणी, म्हणजे दोन तारांचा जोड, नमुन्याला टेकलेला हवा, आणि हीटिंग एलिमेंटच्या थेट नजरेसमोर नको. मणी उघडा राहिला तर तो उष्णतेच्या प्रारणाने नमुन्यापेक्षा जास्त तापतो, कंट्रोलर समाधानी होतो आणि नमुना बिचारा थंड राहतो. सिरॅमिक दोरीचे दोन वेढे मण्यावरून घेतले की हे टळतं. निर्वातात चाचणी असेल तर दुप्पट काळजी घ्या, कारण तिथे तापमान सारखं करायला हवाच नसते. गेज लांबीवर एकच थर्मोकपल ठेवू नका. वर, मध्ये आणि खाली असे तीन हवेत. नमुना फार आखूड असेल तर निदान दोन.

दुसरा प्रश्न वयाचा. के प्रकारचा थर्मोकपल, म्हणजे क्रोमेल-अ‍ॅल्युमेलची जोडी, स्वस्त आणि सोयीची असते, पण दीर्घ चाचण्यांत ती सरकते. क्रोमेलमध्ये २५० ते ५५० अंशांच्या दरम्यान अणूंची मांडणी बदलते आणि व्होल्टेज थोडं हलतं. ८०० अंशांच्या वर ऑक्सिजन कमी असेल तर क्रोमेलमधला क्रोमियम तेवढा गंजत जातो, तार हिरवट होते आणि वाचन खाली घसरतं. वाचन खाली म्हणजे कंट्रोलर उष्णता वाढवणार, नमुना प्रत्यक्षात जास्त गरम होणार.

इथे एक बारकावा आहे, जो मला स्वतःला उशिरा कळला. व्होल्टेज मण्यात तयार होत नाही. ते तयार होतं तारेच्या त्या भागात, जिथे तापमान उतरत जातं, म्हणजे भट्टीच्या भिंतीतून बाहेर येतानाच्या दहा-पंधरा सेंटिमीटरमध्ये. तार जुनी झाली की लांबीभर ती एकसारखी राहत नाही. मग तोच थर्मोकपल दोन सेंटिमीटर आत सरकवला तरी वाचन बदलतं. म्हणून जुना के थर्मोकपल काढून दुसऱ्या भट्टीत कॅलिब्रेट करणं फसवं असतं. तिथली तापमानाची उतरण वेगळी असते, त्यामुळे आलेला आकडा तुमच्या भट्टीचा नसतो. तपासायचं तर जागच्या जागी: शेजारी नवीन थर्मोकपल सरकवा, स्वतंत्र मीटरवर वाचा, फरक नोंदवा. लांब चाचण्यांना मी के वापरत नाही. निक्रोसिल-निसिल जोडीचा एन प्रकार बराच स्थिर राहतो. त्याहून पुढे प्लॅटिनम-ऱ्होडियमचे आर किंवा एस प्रकार घ्या, फक्त त्यांना स्वच्छ अ‍ॅल्युमिनाच्या नळीत ठेवा, कारण धातूची वाफ आणि सिलिकॉन प्लॅटिनमला बिघडवतात. त्यांचं व्होल्टेज के प्रकाराच्या साधारण पाव असतं, म्हणून केबलमधला गोंधळही जास्त जाणवतो.

तिसरा प्रश्न वाटेचा, आणि आमचा चोर इथेच होता.

भट्टीच्या डोक्यावर एक कनेक्टर होता. तिथपर्यंत थर्मोकपलची तार यायची. तिथून कंट्रोलरपर्यंतच्या केबलचा सुमारे हातभर तुकडा कधीतरी तुटला होता आणि कोणीतरी साध्या तांब्याच्या वायरने जोडून दिला होता. वरून इन्सुलेशन टेप, त्यावर केबलचं आवरण. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

आता काय घडतं ते बघा. तांब्याची वायर जिथे सुरू होते तिथेच थर्मोकपल खऱ्या अर्थाने संपतो. समजा ती जागा ४० अंशांवर आहे आणि कंट्रोलरच्या टर्मिनलपाशी ३० अंश आहेत. थर्मोकपल फक्त दोन टोकांतला फरक सांगतो, म्हणून कंट्रोलर त्यात आपल्या टोकाचं तापमान मिळवतो. इथे तो स्वतःच्या ३० अंशांचीच भर घालतो, त्यामुळे मधले १० अंश हिशोबातून गळतात. नमुना ७०० वर असताना त्याला ६९० दिसतात, तो भट्टी वाढवतो, आणि पडद्यावर ७०० येतात तेव्हा नमुना ७१० वर पोचलेला असतो. पडद्यावरची रेघ मात्र सुतासारखी सरळ. तार उलटी जोडलेली असती तर हाच फरक दुप्पट झाला असता.

मग दर वेळी चूक का होत नव्हती? कारण त्या जोडाचं तापमान भट्टीच्या वरच्या तोंडावर अवलंबून होतं. उभी भट्टी ही धुराड्यासारखीच वागते. खालून थंड हवा शिरते, वरून गरम हवा निघते. वरच्या पुल रॉडभोवतीची, म्हणजे नमुना ओढणाऱ्या दांड्याभोवतीची, फट सिरॅमिक वूलने घट्ट भरली असेल तर कनेक्टर खोलीच्याच तापमानाला राहायचा आणि चूक जवळजवळ नाहीशी व्हायची. वूल सैल राहिलं की गरम हवेचा झोत थेट कनेक्टरवर, आणि चूक दहा अंशांवर. शिवाय त्याच झोताने नमुन्याचा वरचा खांदाही जास्त तापायचा. गडद रंग तिथूनच आला होता. दोन दोष एकमेकांच्या आड लपले होते, आणि निकाल ठरत होता तो त्या दिवशी वूल कोणी आणि किती दाबून भरलं यावर.

कागदपत्रांत हे का सापडलं नाही, तेही सांगतो. थर्मोकपलला प्रमाणपत्र होतं. कंट्रोलरला प्रमाणपत्र होतं, त्याच्या टर्मिनलवर थेट मिलिव्होल्ट देऊन घेतलेलं. या दोघांमधल्या केबलला कोणीच तपासलं नव्हतं. आता आम्ही पूर्ण साखळी एकत्र तपासतो, मण्यापासून पडद्यापर्यंत.

तुमच्याकडे हे आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. भट्टी स्थिर तापमानावर असू द्या, कंट्रोलर मॅन्युअलवर टाका म्हणजे तो मध्ये लुडबुड करणार नाही, आणि कनेक्टरवर हॉट एअर गनने कोमट हवा सोडा, दोन्ही पिनांवर सारखी. केबल योग्य असेल तर वाचन हलत नाही. पाच-दहा अंश खाली गेलं तर केबल उघडा. नुसत्या रंगावरून मात्र ठरवू नका. के प्रकारासाठी तांबं आणि कॉन्स्टंटनची एक कॉम्पेन्सेटिंग केबल मिळते, तिच्यात एक तार तांब्याचीच असते आणि १०० अंशांच्या आत ती बरोबर काम करते. गरम हवेची कसोटी रंगापेक्षा खरी. अ‍ॅल्युमेलची तार लोहचुंबकाला हलकीशी चिकटते, क्रोमेल चिकटत नाही. तार उलटी लागली आहे का, हे बघायला चुंबकाचा तुकडा खिशात ठेवा.

भट्टीच्या मांडणीबद्दल थोडक्यात. तीन स्वतंत्र झोनची भट्टी घ्या आणि तापणारा भाग गेज लांबीच्या निदान तिप्पट ठेवा, कारण पुल रॉड दोन्ही टोकांकडून उष्णता ओढून बाहेर नेत असतात. कनेक्टर भट्टीच्या डोक्यावर नको, बाजूला फूटभर दूर, स्वतंत्र पट्टीवर. तापवताना ठरलेल्या तापमानाच्या वर उडी जाऊ देऊ नका. अवक्षेपांनी (आत तयार झालेल्या अतिसूक्ष्म कणांनी) बळकट केलेल्या निकेलच्या मिश्रधातूत थोड्या वेळाच्या जास्त तापमानानेही आतली रचना बदलते आणि ती परत येत नाही. तापमान स्थिरावल्यावर निदान तासभर थांबून मगच भार द्या.

वाक

तापमान निस्तरलं तरी आकडे विखुरलेले राहिले तर पुढचा संशयित हा. गोल नमुन्यासाठी हिशोब सोपा आहे: वाकामुळे वाढणारा ताण भागिले सरळ ताण, याचं उत्तर येतं ८ गुणिले केंद्रापासूनचं सरकणं भागिले व्यास. नमुना ८ मिलिमीटरचा आणि भाराची रेषा ०.१ मिलिमीटरने बाजूला, तर एका अंगाला १० टक्के जास्त ताण. नमुना ५ मिलिमीटरचा असेल तर १६ टक्के. आणि ०.१ मिलिमीटर म्हणजे लिहायच्या कागदाची जाडी.

मोजायचं असं. नमुन्याच्याच मापाचा एक तुकडा घ्या आणि त्याच्या घेरावर दर ९० अंशांवर एक असे चार स्ट्रेन गेज (विकृती, म्हणजे लांबीतला बारीक बदल, मोजणाऱ्या पट्ट्या) लावा. शक्य असेल तर वर, मध्ये आणि खाली अशा तीन पातळ्यांवर. साध्या तापमानाला भार द्या आणि चारही वाचनं घ्या. सरासरी म्हणजे सरळ ताणाची विकृती, सरासरीपासूनचं अंतर म्हणजे वाक. एएसटीएम ई १०१२ या मानकात याचीच पद्धत दिली आहे. मग नमुना तसाच १८० अंशांनी फिरवून पुन्हा मोजा. वाकाची दिशा नमुन्याबरोबर फिरली तर दोष नमुन्यात आहे. ती यंत्राच्या चौकटीला धरून राहिली तर दोष लोड ट्रेनमध्ये, म्हणजे तरफेपासून खालच्या पायापर्यंतच्या साखळीत. ही एक कृती तुमचे कित्येक आठवडे वाचवते. कोणत्या भाराला मोजलं तेही लिहा, कारण भार वाढला की टक्केवारी बहुधा उतरते आणि मोठ्या भाराचा चांगला आकडा लहान भाराच्या चाचणीला लागू होत नाही.

नमुन्यात दोष निघाला तर लेथवर जा. आटे आणि गेज लांबी दोन वेगवेगळ्या बांधणीत वळवली असतील तर त्यांचे अक्ष जुळणं नशिबावर असतं. दोन्ही टोकांना सेंटर ड्रिल करून, सेंटरच्या आधाराने एकाच बांधणीत सगळं वळवा. डायल गेजखाली प्रत्येक नमुना फिरवून बघा, त्याला दोन मिनिटं लागतात.

लोड ट्रेनमध्ये दोष असेल तर युनिव्हर्सल जॉइंटवर आंधळा भरवसा ठेवू नका. हाताने हलवला तर तो झुलतो, पण भार आला की घर्षणाने जिथल्या तिथे अडकतो. म्हणून आधी अगदी थोडा भार द्या, रॉड हलकेच ठोकून जागेवर येऊ द्या, मग पूर्ण भार. नवीन डिझाइन करत असाल तर आट्यांपेक्षा खांद्यावर टेकणारी पकड निवडा, तिथे केंद्र धरणं सोपं जातं.

वाकाची किती चिंता करायची, हे पदार्थावर आहे. तन्य, म्हणजे तुटण्याआधी बराच लांबणाऱ्या, धातूत क्रीप सुरू झाला की जास्त ताणलेलं अंग थोडं ढिलं होतं आणि ताण काही प्रमाणात वाटला जातो. सिरॅमिक किंवा ठिसूळ ओतीव मिश्रधातूत तशी सवलत नाही. तिथे वाकाचा प्रत्येक टक्का थेट मजबुतीच्या आकड्यातून वजा होतो.

भार आणि इतर सटरफटर कारणं

व्यास मोजताना एक टक्का चूक म्हणजे ताणात दोन टक्के. क्रीपचा वेग ताणाच्या सहाव्या घाताने वाढतो असं धरलं तर वेगात बारा-तेरा टक्के. मायक्रोमीटरने तीन ठिकाणी, दोन दिशांना मोजा आणि सगळ्यांत लहान व्यास धरा.

भार वजनांवरून काढू नका. तरफेचं गुणोत्तर पाटीवर १० असं कोरलेलं असतं, पण सुरीसारखी टेकूची धार झिजली की ते १० राहत नाही. नमुन्याच्या जागी लोड सेल (भार मोजणारा संवेदक) लावून वाचा, तरफ आडवी असताना एकदा आणि थोडी झुकलेली असताना पुन्हा.

अनपेक्षितपणे जास्त टिकलेल्या नमुन्यावरही संशय घ्या. त्याच्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, म्हणून तो निसटतो. नमुना लांबत गेला, तरफ खाली आली आणि वजनं थांब्यावर टेकली, की भार कमी होतो आणि नमुना कितीही तास ‘टिकतो’. वीज गेली तरी असंच: भार लटकत राहतो, नमुना थंड होतो, पण वहीतले तास पुढे सरकत राहतात. तास मोजायचं घड्याळ तापमान ठरलेल्या पट्ट्यात असेल तेव्हाच चालेल, असं जोडा. शेजारच्या यंत्रावरचा नमुना तुटून वजनं आदळतात तेव्हा तुमच्या नमुन्यालाही झटका बसतो. वजनांखाली वाळूची पेटी ठेवा.

क्रीपच्या अगदी सुरुवातीच्या अभ्यासातही यंत्राचाच विचार आधी झाला होता. भौतिकशास्त्रज्ञ अँड्रेड यांनी १९१० साली तारांवर प्रयोग केले. तार लांबली की बारीक होते आणि त्याच भाराखाली तिच्यावरचा ताण वाढत जातो, हे ओळखून त्यांनी वजनालाच विशिष्ट वक्र आकार दिला. तार लांबेल तसं ते वजन द्रवात खोल बुडायचं, उत्प्लावन वाढायचं आणि ताण स्थिर राहायचा. आजही तुमचा निकाल स्थिर भाराचा आहे की स्थिर ताणाचा, हे अहवालात लिहायला विसरू नका. दोन प्रयोगशाळांचे आकडे न जुळण्याचं हे एक अगदी साधं कारण असतं.

पकडीबद्दल दोनच गोष्टी. पकड नमुन्यापेक्षा आधी शरण जाता कामा नये. इनकोनेल ७१८ या निकेलच्या मिश्रधातूची पकड ६५० अंशांच्या वर हळूहळू स्वतःच लांबायला लागते, आणि तुम्ही बाहेरून मोजत असाल तर तो क्रीप नमुन्याच्या खात्यावर चढतो. लांबी गेज भागावरच, एक्स्टेन्सोमीटरने घ्या. दुसरी गोष्ट आट्यांना लावायच्या वंगणाची. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हवेत ४०० अंशांच्या आसपास जळून जातं आणि मागे गंधक सोडतं. निकेल आणि निकेल सल्फाइड यांचं मिश्रण साधारण ६४० अंशांवरच वितळतं आणि कणांच्या सीमांतून आत शिरतं. निकेलच्या नमुन्याला हे विष आहे. बोरॉन नायट्राइडचा फवारा किंवा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा लेप वापरा. नमुना बसवण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी धरू नका.

थंडीत

द्रव नायट्रोजनमध्ये, ७७ केल्विनला, तर्क तोच राहतो, फक्त उष्णता उलट्या दिशेने येते. पुल रॉड बाहेरची ऊब आत आणतात, म्हणून नमुना पूर्ण बुडालेला हवा आणि उकळी थांबेपर्यंत वाट बघायची. द्रव हीलियममध्ये, ४.२ केल्विनला, नमुना ठरावीक वेगाने ओढून तोडायच्या चाचणीत आलेखावर पायऱ्या दिसतात, भार एकदम पडतो आणि पुन्हा चढतो. पहिल्यांदा पाहणारा यंत्र उघडून बसतो. तो दोष नव्हे. इतक्या कमी तापमानाला धातूची उष्णता साठवण्याची क्षमता इतकी थोडी असते की थोड्याशा घसरणीनेही तो भाग गरम होतो, मऊ पडतो आणि आणखी घसरतो. ओढण्याचा वेग कमी ठेवा. आयएसओ ६८९२ या मानकाच्या चौथ्या भागात द्रव हीलियममधल्या चाचणीचे नियम आहेत.

दुरुस्तीनंतर

दुरुस्ती झाली हे ओळखीच्या धातूवरच सिद्ध होतं. क्रीपसाठी निमोनिक ७५ हा निकेलचा मिश्रधातू प्रमाणित संदर्भ पदार्थ आहे, ६०० अंशांवर आणि १६० मेगापास्कल ताणाला त्याचे आकडे ठरलेले आहेत. तो परवडत नसेल तर एक लांब सळी फक्त याच कामासाठी राखून ठेवा आणि दर काही महिन्यांनी तिच्यातला एक नमुना लावा. निकाल सरकला की पुढची चाचणी सुरू करायची नाही.

आमच्या यंत्रावर आम्ही केबल कनेक्टरपासून कंट्रोलरपर्यंत एकसंध टाकली, कनेक्टर बाजूच्या पट्टीवर नेला आणि वूल हाताने भरणं बंद करून रॉडच्या मापाचं दोन अर्धगोलांचं सिरॅमिक झाकण करून घेतलं. नोंदवहीत एक रकाना वाढला: कनेक्टरचं तापमान, सकाळी आणि संध्याकाळी. मग त्याच सळीतले उरलेले तीन नमुने लावले. तिन्ही हजाराच्या अलीकडे-पलीकडे, शंभर तासांच्या आत तुटले, आणि तिन्ही गेज लांबीच्या मध्यात. वरच्या आणि खालच्या खांद्याचा रंग आता सारखा आहे.